वाटीला ऊन दावलंस का?

कॅम्प ४, उल्हासनगर
फेब्रुवारी १९९५, रविवार सकाळ

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

गेलेल्या माणसाला पत्र लिहितात का, आणि लिहिलं तर टाकायचं कुठल्या पेटीत, हे मला माहीत नाही. पण काल दुपारपासून मी एका जागी बसू शकलेले नाही. चहा ठेवला, तो उतू गेला. आमटीत मीठ दोनदा पडलं. मनूचे पप्पा म्हणाले, "अगं शालन, बस की जरा! पायाला चाकं लावलीत का?" तुमच्या लेकाला काय सांगू? जे सांगायचं आहे ते तुम्हाला सांगायचं आहे. म्हणून मनूच्या वहीतली पानं फाडून गच्चीवर येऊन बसलेय.

तुमचं कासव, तुमची वाटी, काल पिशवीत घालून बदलापूरच्या गुरांच्या दवाखान्यात नेली होती. कंपनीत हाफ डे टाकला. रांगेत चार म्हशी, दोन शेळ्या आणि मी! शेळीवाले आजोबा सारखे माझ्या पिशवीकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. "पिशवीन काय हाय गो बाय? कोंबरी?" म्हटलं, नाही, कासव आहे. तर म्हणाले, "कासवाला काय झाला? ता त शंभर वर्सा जगतं!" मला हसू यायला हवं होतं. पण महिनाभर मी रोज वाटीच्या पाठीवर अंगठा दाबून बघतेय, आणि पाठ दबतेय. शेपटीकडच्या काठाला तर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

डॉक्टरांनी तिला टेबलावर ठेवलं, उलटी केली, सुलटी केली, बोटाने दाबलं. मग विचारलं, "कुठे ठेवता हिला?" मी घडाघडा सांगितलं. काचेची पेटी आहे, चाळीसचा बल्ब आहे, खाली ओलं गोणपाट आहे, गरमी इतकी, ओल इतकी, रोज दोनदा बघते. आणि शेवटी, "दिवसभर उजेडात असते, साहेब."

"उजेड नको हो बाई," ते म्हणाले, "ऊन पाहिजे. काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण ह्याच्या हाडाला उन्हातलं जे लागतं ते काच आत येऊच देत नाही."

आत्या, मी बाहेर येऊन त्या म्हशींच्या शेजारी उभी राहिले. डॉक्टर चांगले होते, ओरडले वगैरे नाहीत. पण ते बोलले ते वाक्य त्यांचं नव्हतंच! ते तुमचं होतं. तुम्ही ते मला किती वेळा सांगितलं होतं, आणि मी किती वेळा हसले होते?

थांबा हं. गोणपाट सरकलंय वाऱ्याने. सावली हलली. आलेच.

आले. दोन विटा ठेवल्या काठावर.

तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवतो का तुम्हाला? शेजारच्या लाजोआंटीच्या भाच्याने कुठल्याशा बाजारातून तिला आणलं होतं. घरात कासव असलं की बरकत येते म्हणून आंटी खूश. आणि ठेवलं कुठे? बादलीत! गळ्याएवढ्या पाण्यात ते एवढंसं पिल्लू, पाठीवर पिवळ्या चांदण्या, नाक वर काढून बादलीच्या कडेला नखं घासत होतं. तुम्ही जीन्सचे धागे कापायचं काम आणायला तिच्याकडे गेला होता. काम राहिलं बाजूला, बादलीत हात घालून तुम्ही ते बाहेर काढलंत.

"अरे अम्मा, क्या करती हो? कछुआ तो पानी में ही रहता है ना!"

"लाजो, ह्येचं पाऊल बघ आधी. हत्तीवानी हाय. बोटांमधी पडदा न्हाई काय न्हाई. ह्ये चालणारं हाय गं, पवणारं न्हाई. बुडतंय ह्ये!"

आंटीने कानाला हात लावले आणि म्हणाली, "फिर आप ही रखो अम्मा, मुझसे पाप हो जाएगा." तुम्ही पदरात बांधून घरी आणलंत. आमटीच्या वाटीएवढं होतं, म्हणून नाव वाटी. मी म्हटलं, मोठी झाली की काय म्हणणार, पातेलं? त्यावर तुम्ही म्हणालात, "तवर मी आसते का!" आणि खळखळून हसलात.

आणि मग काढलीत काय, तर काथवट! बार्शीहून डोक्यावर आणलेली, भाकरी थापायची लाकडी काथवट कासवाला! मी किती चिडले होते. तुम्ही म्हणालात, परात उन्हात तापते, पाय पोळतील, लाकूड तापत नाही. त्यात माती घातलीत, एका कोपऱ्यात ओलं गोणपाट, वरून अर्ध्या काथवटीवर सावली. रोज सकाळी गच्चीवर. "निम्मं ऊन, निम्मी सावली. कवा कुठं बसायचं ते तिचं ती ठरवंल. आपण कोण सांगनार?"

आपल्या घरात ऊन म्हणजे दाखवायचीच गोष्ट. पापडांना ऊन दाखव, डाळीला ऊन दाखव, गोधड्यांना ऊन दाखव. मनू महिन्याची असताना तिला पायावर आडवी घेऊन तुम्ही ह्याच गच्चीवर कोवळं ऊन दाखवायचात. तसंच वाटीचं झालं. मी फर्स्ट शिफ्ट करून तीनला सुटणार, रिक्षाने घरी येणार, दारात चप्पल काढते न काढते तोच तुमचा प्रश्न असायचा. सकाळचं तुमचं तुम्ही केलेलं असायचं, तरी उतरतं ऊन माझ्या वाट्याला. "शालन, वाटीला ऊन दावलंस का?" अहो, मला घोटभर पाणी तरी पिऊ द्या! पण काथवट उचलून मी वर जायची. कुरकुर करत का होईना, जायची.

तुमचं-माझं खरं भांडण आकड्यांवरून. कंपनीत मी कॅप्सूलच्या पॅकिंग रूमला. तिथल्या भिंतीवर पाऱ्याच्या दोन काचेच्या नळ्या, एक सुकी, एकीच्या टोकाला ओली वात. दर तासाला दोन्ही वाचायच्या आणि तक्त्यात लिहायच्या. हवेत ओल वाढली की कॅप्सूल मऊ पडून एकमेकांना चिकटते, कमी झाली की तडकते. बारा वर्षं मी हेच करतेय. हवेचं मला कोणी शिकवायचं नाही, असं माझं आपलं मत! तुम्ही त्या नळ्यांना 'काचंच्या कांड्या' म्हणायचात. तुमची कांडी म्हणजे फडताळातली मिठाची बरणी. मिठाला पाणी सुटलं की हवा ओली, आज गोणपाट भिजवायचं नाही. मीठ खडखडीत असलं की दोनदा भिजवायचं. ऊन किती तापलंय ते हाताच्या पाठीने बघायचं, तळहाताने नाही. "तळव्याला भाकरीची सवं हाय, त्येला काय कळतंय?"

एकदा मी हट्टाने कंपनीतल्यासारख्या दोन नळ्या आणून गच्चीवर टांगल्या. आठ दिवस तुमचं मीठ आणि माझी नळी! आठही दिवस दोघींचं उत्तर एकच आलं. हार मानायची कोणी? तुम्ही म्हणालात, "बघ, तुझी कांडी शिकली की माझ्या मिठाकडून." मी इतकी हसले होते! तसं हसणं नंतर घरात झालंच नाही.

कारण मग गेल्या वर्षीचा तो एप्रिल आला.

हे मला लिहावंच लागेल. तुम्ही गच्चीवर टाकीच्या सावलीत जीन्सच्या गठ्ठ्यात बसून धागे कापत होता. डोळा लागला. वय झालेलं, पहाटे पाचपासून उठलेल्या, लागणारच डोळा! वाऱ्याने गोणपाट उडालं. मी कामावरून आले, तुम्ही खाली दिसला नाहीत म्हणून वर आले, आणि बघते तर काथवटीत वाटी पाय पसरून पडलेली, तोंड उघडं, तोंडाला फेस. मी तिला उचललं. अंग हाताला भाजत होतं. ओल्या फडक्यात गुंडाळून जिना उतरले, न्हाणीत बसले, कोमट पाणी सोडत राहिले. अर्ध्या तासाने तिने मान हलवली.

तुम्ही न्हाणीच्या दारात उभ्या होतात. हातात कात्री तशीच. आणि मी म्हटलं, "तुम्हाला तुमचंच भान राहत नाही आत्या, आणि मुक्या जिवाला सांभाळायला निघालात! आजपासून वाटीला हात लावायचा नाही."

लाजोआंटी तिच्या दारातून ऐकत होती. तुम्ही तिच्याकडे एकदा बघितलंत, आणि आत गेलात. एवढी फटकळ बाई तुम्ही, मला उलट चार शब्द का नाही सुनावलेत? सुनावायचं होतंत! मी भांडले असते, रडले असते, दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत झालं असतं. तुम्ही गप्प बसलात, आणि माझंच बरोबर ठरलं.

मग मी कामाला लागले. मनूच्या पप्पांच्या फर्निचरच्या कारखान्यात कपाटांच्या काचेचे तुकडे उरतात. त्यांची पेटी करून घेतली. वर झाकणाला भोकं, आत बल्ब, कोपऱ्यात ओलं गोणपाट, कडेला माझ्या दोन्ही नळ्या. खिडकीखाली ठेवली, दिवसभर झळझळीत उजेड. पेटीवर तक्ता चिकटवला. सकाळची गरमी, सकाळची ओल, संध्याकाळची गरमी, संध्याकाळची ओल. कंपनीत साहेबांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती! आकडा कधी इकडचा तिकडे नाही. कावळ्याची भीती नाही, घारीची भीती नाही, वाऱ्याची नाही. आणि कोणाला डोळा लागायचीही नाही.

तक्त्यात चार रकाने होते, आत्या. उन्हाचा रकानाच नव्हता.

तुम्ही हात लावला नाहीत. एकदाही नाही. मी बोलले ते अक्षरशः पाळलंत. फक्त प्रश्न सोडला नाहीत. मी दारात आले की खाटेवरून, "वाटीला ऊन दावलंस का?"

"हो आत्या. दिवसभर उजेडातच असते ती."

"उजेड येगळा, ऊन येगळं."

"तुमचं आपलं काहीतरीच!"

पुढे पुढे तर मी नुसतंच 'हो' म्हणायला लागले. दाखवलं, दाखवलं, असं चप्पल काढता काढता. तुम्हाला कळत होतं का, की मी खोटं बोलतेय? कळत असणारच. काथवट तर तुमच्या खाटेखालीच होती, कोरडी ठणठणीत.

जरा थांबते. लाजोआंटी तिच्या गच्चीवरून विचारतेय, "शालन, क्या लिख रही है सुबह सुबह? राशन की लिस्ट?" हो म्हटलं. काय सांगायचं तिला? म्हटलं तर तिच्याचदेखत तुमचा अपमान केला होता मी. आज तिच्यासमोरच तुम्हाला पत्र लिहितेय.

वाटी सावलीतच बसलीय. तासभर झाला. अजिबात बाहेर येत नाहीये. आली पाहिजे ना? डॉक्टर म्हणाले, नऊ-दहा महिने उन्हाशिवाय काढलेत तिने, लगेच काही होणार नाही, कवच घट्ट व्हायला वेळ लागेल. "सावरेल का?" विचारलं, तर म्हणाले, "लहान आहे अजून. बघू." हे 'बघू' मला फार टोचतं. तुमच्या वेळीसुद्धा डॉक्टर 'बघू' म्हणाले होते.

पाऊस सरला आणि तुमचे पाय सुजले. चार पावलांत धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जिना चढायचा नाही. मग मी तुमचीही व्यवस्था लावली. हो, व्यवस्थाच! खाट खिडकीखाली, वाटीच्या पेटीशेजारी. पाण्याचा तांब्या हाताशी. गोळ्या डब्यात, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. खिडकी मात्र बंद, कारण पलीकडून नाल्याचा वास आणि वारा फिरला की कंपन्यांचा धूर, आणि तुम्हाला आधीच धाप. काचेतून उजेड यायचा भरपूर. तुमच्या अंगावर पडायचा.

दिवाळीनंतर एकदा तुम्ही म्हणालात, "शालन, मला वर ने की गं घडीभर. गच्चीवर."

"जिना चढायला मनाई आहे ना, आत्या?"

"त्यो उचलून नेईल की. माझा ल्योक."

"आणि पडलात म्हणजे? इथे येतंय की खिडकीतून ऊन."

तुम्ही काचेकडे बघितलंत. मला शिफ्टची घाई होती.

चार दिवसांनी पुन्हा. "रविवार हाय नव्हं आज? निस्तं धा मिनटं." त्या रविवारी मनूची परीक्षा जवळ आलेली, पाहुणे यायचे होते, पीठ मळायचं होतं. काहीतरी होतंच. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी नक्की." मनूचे पप्पा म्हणालेही, नेऊ का गं तिला? मीच म्हटलं, नको, थंडी बाधेल. मीच म्हटलं, आत्या. हे त्यांना आठवत नाही, मला आठवतं.

तिसऱ्यांदा तुम्ही स्वतःसाठी काही मागितलंच नाहीत. शहाण्या होतात. म्हणालात, "मला ऱ्हाऊ दे. माझ्या गोधडीला तेवढं ऊन दाव. कोंदाट वास येतोय."

गोधडीला? गोधडीला काय, लगेच! ती तुमची जुन्या लुगड्यांची, जड गोधडी मी खांद्यावर टाकली, एकवीस पायऱ्या चढले, ह्या कठड्यावर पसरली, दोन तासांनी परतवली आणि दुपारी खाली आणली. तुमच्या अंगावर घातली. तुम्ही ती तोंडावर ओढून घेतलीत आणि तशाच पडून राहिलात. मला वाटलं, झोपलात. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "उनाचा वास येतोय गं शालन!"

मी म्हटलं, "हो का?" आणि भांडी घासायला गेले.

एवढं कळलं नाही मला? गोधडी वर जाऊ शकते, आणि माणूस जाऊ शकत नाही? गोधडी तर तुमच्याहून जड होती शेवटी शेवटी! तुमचा लेक रोज कारखान्यात कपाटं उचलतो. खुर्चीत बसवून दोघांनी नेलं असतं, मध्ये पायरी-पायरीवर थांबत थांबत. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत हृदयाला काय होणार होतं?

त्यानंतरच्या गुरुवारी तुम्ही गेलात. 'पुढचा रविवार' तीन दिवसांवर होता.

सहा डिसेंबरला दादरला जायची पांढरी साडी तुम्ही आधीच धुऊन, घडी घालून उशाशी ठेवली होतीत. पाय सुजलेले, धाप लागलेली, आणि दरवर्षीप्रमाणे जायचंच म्हणत होतात. त्याच साडीत तुम्हाला नेलं. बुद्धवंदना झाली, सगळे आले होते, लाजोआंटी सगळ्यात जास्त रडली. तुम्हाला खाली अंगणात आणलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. स्वच्छ ऊन होतं. तुमच्या तोंडावर पडलं. कोणीतरी म्हणालं, अरे, ऊन लागतंय, चादर धरा रे वरून. मी त्या माणसाला बाजूला ढकललं. सगळ्यांना वाटलं, सून वेडीपिशी झालीय.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय लावून घेतेस? उन्हावाचून कोणी मरतं का? नाही मरत. डॉक्टरांनी कारण लिहून दिलंय, हृदयाचं आहे. मला ते पाठ आहे. मी काही खुळी नाही, गच्चीवर नेलं असतं म्हणजे तुम्ही वाचला असता असं मी म्हणतच नाही. पण तुम्ही मागितलं होतंत. घरात लोणच्याच्या बरणीला ऊन दाखवलं जातं, डाळ-तांदळाला दाखवलं जातं. तुम्हाला दाखवायचं राहिलं. त्याला कुठला डॉक्टर काय लिहून देईल?

आणि तुम्ही गेल्यावरही मला अक्कल आली नाही. जलदान विधी झाला, पाहुणे पांगले, मी कामावर जायला लागले. वाटी पेटीत, तक्ता भरलेला, आकडे बरोबर. जानेवारीत पेटी साफ करायला तिला उचलली आणि अंगठा आत गेला. पहिल्यांदा वाटलं, भास झाला. मग पानं खाईना. शेवग्याचा पाला ठेवला, जास्वंद ठेवली, अंड्याचं टरफल कुटून घातलं, तुम्ही घालायचात तसं. नुसती बसून. तुम्ही तिला चिडवायचात ना, "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!" तशी गत. आधीच कासव, आणि त्यात आजारी. चालते की नाही हेच कळेना. काल शेवटी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी अजून एक सांगितलं. असली चांदण्यांची कासवं घरात ठेवायला कायद्याने मनाई आहे. आपल्याला काय माहीत? लाजोआंटीच्या भाच्याला तरी कुठे माहीत होतं? ते म्हणाले, वनखात्याला मी कळवतो, पण अशा मऊ पाठीने प्रवास नको, ते सांगतील तोवर ऊन द्या, सांभाळा. म्हणजे वाचली तर जाणार, आणि नाही वाचली तरी जाणार. कशी गंमत आहे बघा! तरी मला ती वाचायला हवीय. वाचून गेली तर जाऊ दे, चालत जाईल.

आज सकाळी पेटीतल्या नळ्या काढल्या, बल्ब काढला. पेटी तशीच रिकामी खिडकीखाली आहे. काथवट तुमच्या खाटेखालून ओढली. तळाला अजून तुमची माती चिकटलेली होती. मिठाची बरणी उघडून बघितली. मीठ खडखडीत, म्हणून गोणपाट दोनदा भिजवलं. हाताची पाठ धरून ऊन बघितलं. तळहात नाही, पाठ. तुमची गोधडीही आणलीय वर, कठड्यावर घातलीय. तीन महिने ती उघडायची हिंमत नव्हती झाली.

आत्या, थांबा! हलली.

मान बाहेर काढलीय. सावलीच्या रेषेपाशी आलीय. मी उठून पुढे झाले होते, तिला उचलून उन्हात ठेवायला. मग तुमचं बोलणं आठवलं आणि हात मागे घेतला. तिचं ती ठरवेल. फार कठीण जातंय हो हे मला, नुसतं बसून राहणं! एक पाय बाहेर. आता दुसरा. पाठ निम्मी उन्हात, निम्मी सावलीत, आणि तिथेच थांबलीय बाई.

असो. राहू दे तशीच. मी आहे इथे, आणि माझा डोळा लागणार नाही.

तुम्हाला शब्द देते. उद्या साहेबांना सांगून सेकंड शिफ्ट मागून घेते. सकाळचं कोवळं ऊन रोज दाखवीन, पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा पळत वर येईन, तुम्ही यायचात तशी. रोज अंगठा दाबून तिला छळणार नाही. न्यायला येतील त्या दिवशी काथवटीसकट देईन, आणि त्यांना तुमचं निम्मं-निम्मं नीट समजावून सांगेन, हसले तरी सांगेन. लाजोआंटीला जवळ बसवून तिच्यादेखत तुम्हाला जे बोलले होते ते चुकीचं होतं, हे कबूल करीन. आणि कोणी माझ्याजवळ दहा मिनिटं मागितली तर त्याला पुढचा रविवार देणार नाही.

अजूनही दारात चप्पल काढताना माझे कान तुमच्या खाटेकडे जातात. रोज जातात. तीन महिने मनात भीती असायची, की तुम्ही विचाराल आणि मी पुन्हा खोटं 'हो' म्हणेन.

आज खोटं बोलणार नाही. आज खरं उत्तर आहे माझ्याकडे. विचारा ना आत्या, एकदा विचारा.

तुमचीच,
शालन